बाबांनी मनगट धरलं तेव्हा

मित्रांनो, तिरोड्याला शिक्षक असलेल्या माझ्या बाबांना ऐतिहासिक रहस्यकथांचं भारी वेड. दोन महिन्यांपूर्वी लकवा मारला, वाचा गेली. आता रोज दुपारी मी वाचून दाखवते.

आज किल्लेदाराच्या खुनाची गोष्ट रंगात आली होती. अचानक बाबांनी माझं मनगट घट्ट धरलं. ओठ हलत होते, पण शब्द फुटत नव्हता.

"खुनी ओळखला का बाबा? दिवाण? वैद्य?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. डोळे भरून आले.

आई धावत आली. "काऊन रडून राहिले जी? पाणी पायजे का?"

तेही नाही.

मी गोष्टीतली सगळी नावं घेतली, मग घरातलीही. शेवटी दमून त्यांनीच हात सोडला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

तुमच्या घरी असं कोणी असेल, तर त्यांचं म्हणणं तुम्ही कसं ओळखता?