एप्रिलच्या पानामागची यादी

अंबाड्यातून पेन्सिल काढायची, टोक जिभेला लावायचं, समोरच्या माणसाकडं न बघताच त्याचं नाव लिहायचं आणि म्हणायचं, "लिवलं बगा. आता पुसता येत न्हाय."

पेन्सिलीनं लिहिलेलं का पुसता येत नाही, हे मावशींना आमच्यापैकी कुणीच कधी विचारलं नाही. मी तर शाळामास्तर. जिल्हा परिषदेच्या शाळेत सव्वीस वर्षं मुलांना खोडरबर वाटत आलो. पण मावशींनी नाव लिहिलं की मीसुद्धा मुकाट्यानं मान डोलवायचो. घरी आलो की बायको विचारायची, "मग नाही म्हणाला का नाहीत?" याचं उत्तर मला आजतागायत सापडलेलं नाही. खरं सांगायचं तर मावशींच्या बाबतीत मला कुठल्याच प्रश्नाचं उत्तर सापडलेलं नाही. लिहिता लिहिता काही उलगडेल, एवढ्याच आशेवर हे लिहायला बसलो आहे.

आमचं गाव लोहाऱ्याकडून तुळजापूरला जाताना रस्त्यावर लागतं. गावाच्या टोकाला आमचं प्रेस्बिटेरियन चर्च. जुनी माणसं त्याला देऊळच म्हणतात. पत्र्याचं छप्पर, दारात दोन कडुनिंब, एक घंटा आणि तीसेक घरांची मंडळी. वर्षभर निम्मे बाक रिकामे असतात. मे महिन्यात मात्र पुण्या-सोलापूरकडं गेलेली माणसं पोराबाळांसह सुट्टीला येतात आणि चर्च फुलून जातं. मग सकाळी मुलांचा वर्ग, दिवसभर रस्त्यावर पाणपोई, भिंतींना चुना, शेवटच्या रविवारी सगळ्यांचं एकत्र जेवण. यातलं कुणी काय करायचं, ते मावशी ठरवायच्या.

मावशी ग्रामीण रुग्णालयात आया होत्या, निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली होती. शिक्षण चौथी. मंडळीत पद म्हणाल तर कुठलंच नाही. यादी करायचं काम त्यांना कुणी दिलं, हेही कुणाला आठवत नाही. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी त्या घरच्या कॅलेंडरचं एप्रिलचं पान फाडून आणायच्या आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर यादी लिहून दाराजवळच्या खिळ्याला अडकवायच्या. एप्रिलचे दोनचार दिवस तर अजून बाकी आहेत, असं कुणी म्हटलं तर म्हणायच्या, "त्यात काय ऱ्हायलंय आता?"

आणि ती यादी! तुम्ही वाचली असती तर तुमचीही मती गुंग झाली असती. मुलांचा वर्ग कुणाकडं, तर ट्रॅक्टरच्या गॅरेजवाल्याकडं, जो दिवसभरात मोजून दहा शब्द बोलतो. जेवण कुणाकडं, तर तहसील कचेरीतल्या भाऊसाहेबांकडं, ज्यांनी घरी स्वतःच्या हातानं कधी पाणीसुद्धा घेतलेलं नाही. घंटा कुणाकडं, तर मावशींच्या नवऱ्याकडं, आणि ते ठार बहिरे.

काका घंटा ओढायला लागले की ओढतच राहायचे. किती वाजली, वाजली की नाही, त्यांना काही पत्ता नसायचा. घंटेचा दोर दाराच्या आतच लोंबतो. पुरेसं वाजून झालं की मावशी येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवायच्या. मग ते दचकून दोर सोडायचे आणि हसायचे. मे महिन्यातल्या प्रत्येक रविवारी आमची उपासना या हसण्यानं सुरू व्हायची.

मला काय दिलं होतं? पाणपोई. अकरा वर्षं पाणपोई.

मला मुलांचा वर्ग हवा होता. उगाच आडपडदा कशाला ठेवू? मला तो फार हवा होता. वर्ग कसा धरून ठेवायचा, गोष्ट कुठं थांबवायची, हे मला येतं. आयुष्यात धड येणारी ती एकच गोष्ट. बाकी माझा सगळा आनंदच आहे. दुकानात दोन शर्ट समोर ठेवले तर मी दोन्ही तसेच टाकून घरी येतो. अशा माणसाला त्याला येणारं एकमेव काम सोडून भर उन्हात रांजणापाशी उभं करायचं, याला काय म्हणावं?

पाणपोईवर मला पाणीसुद्धा धड वाढता येईना. तुळजापूरला दर्शनाला निघालेल्या नव्या जोडप्यांच्या जीपा थांबायच्या. हळदीच्या अंगानं ती पोरं खाली उतरायची, ओंजळ धरायची आणि मी ओगराळं हातात घेऊन विचारायचो, कुठलं गाव, शिक्षण किती, चर्चमध्ये काय चालतं ठाऊक आहे का. एकदा एक म्हातारी ओंजळ तशीच धरून म्हणाली, "गुरुजी, आदी पाणी वता. मग शाळा भरवा."

मी पाणी ओतलं. तिनं पोटभर पिऊन तोंडावरून हात फिरवला आणि निघून गेली. मी काय सांगणार होतो, ते तिनं विचारलंसुद्धा नाही.

इकडं चर्चच्या खिडकीतून वर्गाचा आवाज यायचा. एकदा गॅरेजवाल्यानं नोहाच्या तारवाची गोष्ट चार वाक्यांत संपवली होती आणि आता तो गप्प बसला होता. मग पोरंच बोलायला लागली. "सर, तारवात एवढी जनावरं व्हती, त्यांना प्यायला टँकर कुठनं आला?" गॅरेजवाला म्हणाला, "मला न्हाय ठाऊक." मग तासभर पोरांचं भांडण. कुणी म्हणे पाऊसच पडत होता, हंडे भरून घेतले असतील. कुणी म्हणे हत्ती किती पितो माहीत आहे का. मी ओगराळं घेऊन खिडकीशी उभा. इतका हेवा वाटायचा, की नळीखालचा रांजण भरून वाहतोय हेही कळायचं नाही.

शेवटी एका उन्हाळ्यात मी धीर करून विचारलं, "मावशी, मला वर्ग का देत नाही तुम्ही?"

त्या भाऊसाहेबांनी करपवलेला भात निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "तुमाला येतंय की त्यो. वरीसभर शाळंत करताच. येतंय तेच करायला देवळात कशाला यायचं?"

मी रात्रभर त्यावर विचार केला आणि मला ते पटलं. केवढी शहाणी बाई, असं म्हणून मी पाळकसाहेबांनाही सांगितलं. त्यांनी पुढल्या उन्हाळ्यात एका रविवारी त्यावर उपदेशही केला. मावशी नेहमीप्रमाणं मागं दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. उपासनेत त्या कधी बसल्याच नाहीत. कुणाच्या रडणाऱ्या पोराला बाहेर ने, कुणाच्या वहाणा उन्हातून सावलीत सरकव, काहीतरी चालूच. "मावशी, बसा की," म्हटलं तर म्हणायच्या, "बसते की. एवडं झालं की बसते." त्यांचं ते एवढं कधी संपलं नाही.

उपदेश झाल्यावर मी मुद्दाम जवळ जाऊन म्हणालो, "मावशी, तुमचंच सांगितलं बरं का आज."

"माजं काय?"

"ते यादीचं. ज्याला जे येत नाही तेच त्याला द्यायचं, ते."

 मावशी हसून म्हणाल्या, "आवं गुरुजी, चष्मा न्हाय माज्याकडं. दोन वरसं झाली फुटून. वळी इकडच्या तिकडं हुत्यात. तुमी लई मनावर घेता."

आता सांगा, मी काय समजायचं? आदल्या वर्षीचं खरं की या वर्षीचं? बायकोनं तिसरंच सांगितलं, "तुम्ही बोलता फार, म्हणून दिला नसेल." मला तेही पटलं. मला सगळंच पटतं, हीच तर माझी अडचण आहे.

मग काका गेले. त्यानंतरच्या मे महिन्याच्या यादीत आम्ही पाहिलं तर घंटेपुढं काकांचंच नाव. आम्ही एकमेकांकडं बघितलं. चष्म्याचं म्हणावं, तर नवऱ्याचं नाव कुणी चष्म्यावाचून चुकेल का? सांगायचं कुणी? कुणीच सांगितलं नाही. पहिल्या रविवारी सगळे येऊन बसले, वेळ झाली आणि घंटा वाजेना. पाळकसाहेब पुस्तक उघडून उभे. मावशी दोरापाशी उभ्या होत्या आणि दोराला हात लावत नव्हत्या. मी सगळ्यांत मागं बसलो होतो. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी उठलो आणि दोर ओढायला लागलो. किती ओढायचा ते मला कळेना. दहा झाले, पंधरा झाले, मी आपला ओढतोच आहे. मग खांद्यावर हात पडला. मी दचकून दोर सोडला, आणि काय झालं कोण जाणे, मला हसू आलं. मावशीही हसल्या. डोळे मात्र पदरानं पुसत होत्या.

तेव्हापासून मे महिन्यात यादीत काकांचं नाव आणि दोराला माझा हात, असंच चालत राहिलं. थांबवायचं काम मावशींचं. 

या फेब्रुवारीत मावशी गेल्या. सकाळी अंगण झाडलं, चहा केला आणि तो प्यायचा राहिला. माती देऊन परत येताना भाऊसाहेब हळूच म्हणाले, "गुरुजी, आता मे महिन्याचं काय?" मला त्यांचा राग आला आणि लगेच कळलं, की माझ्याही मनात तेच चाललं होतं. मावशी नसताना कुणाच्या सांगण्यावरून कोण उन्हात उभं राहणार? सुट्टीला आलेली पोरं आजोळी लोळून परत जाणार, आणि एकदा खंड पडला की पडला.

एप्रिल निम्मा सरला तरी गेल्या वर्षीची यादी दाराजवळच्या खिळ्याला तशीच होती. मी ती काढून घ्यायला गेलो. अशा याद्या आपण आपलं नाव सापडेपर्यंतच वाचतो. मीही कधी पाणपोईच्या खाली गेलो नव्हतो. त्या दिवशी पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचली. सगळ्यांत खाली, कागदाच्या अगदी कडेला लिहिलं होतं: पुढल्या साली यादी, गुरुजी.

मी तिथंच बाकावर बसलो. माझ्यावर त्यांचा भरवसा होता म्हणून? की जे येत नाही ते द्यायचं म्हणून? दोन शर्टांतला एक ज्याला निवडता येत नाही, त्याच्या हातात अख्खी मंडळी!

कागद उन्हाकडं धरला, तेव्हा आणखी एक दिसलं. मुलांच्या वर्गापुढं गॅरेजवाल्याचं नाव होतं, आणि त्याच्याखाली पुसल्याच्या खुणा. पेन्सिल दाबून लिहायची त्यांची सवय. कागदावर वळ राहिले होते. गुरुजी, असं लिहून पुसलेलं होतं.

म्हणजे पुसता येत होतं. त्यांनी मला वर्ग दिला होता आणि मग काढून घेतला होता. का काढून घेतला, ते आता कुणाला विचारू? मला रडू आलं, पण ते मावशींसाठी की त्या वर्गासाठी, हेही मला नीट सांगता येणार नाही.

पुढचे आठ दिवस बायकोनं माझ्याशी बोलणं टाकलं, कारण मी जेवताना यादी, झोपताना यादी. गॅरेजवाला घरी आला. उंबऱ्यावर उभा राहून त्यानं वर्षभराचे शब्द खर्च केले. "गुरुजी, औंदा वर्ग तुमीच घ्या. तुमचा जीव हाय त्यात, म्या बगतोय की. खिडकीतनं सगळं दिसतंय."

मी घरच्या कॅलेंडरचं एप्रिलचं पान फाडलं. बायको म्हणाली, "अहो, अजून चार दिवस आहेत." मी पान उलटं केलं. कोऱ्या बाजूवर सगळ्यांत आधी लिहिलं: मुलांचा वर्ग, गुरुजी. अकरा वर्षांनी. छान दिसत होतं. बराच वेळ बघत बसलो. मग पोरांचं ते टँकरचं भांडण आठवलं. माझ्या वर्गात ते झालंच नसतं. मी टँकरचं उत्तर पहिल्या मिनिटालाच देऊन टाकलं असतं. मी खोडरबर आणलं, नाव पुसलं आणि गॅरेजवाल्याचं लिहिलं. मावशींच्या मनात हेच होतं असं माझं मुळीच म्हणणं नाही. त्यांच्या मनात काय होतं, ते मला माहीत नाही.

बाकीची यादी भराभर झाली. स्वयंपाक, भाऊसाहेब. घंटा, काका. पाणपोई, मी. मग पेन्सिल थांबली. मावशींचं नाव त्यांच्या यादीत कधीच नसायचं, कारण त्या सगळीकडंच असायच्या. मला ते एकदम बरं वाटेना. यादी त्यांची आणि त्यांना काहीच काम नाही? ज्याला जे येत नाही ते द्यायचं, असंच जर असेल, तर त्यांना काय येत नव्हतं? ही एक गोष्ट मला जराही न गोंधळता ठरवता आली. मी लिहिलं: पहिल्या बाकावर बसणे, मावशी.

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्च भरलं. आत येणारा प्रत्येक जण दाराशी थांबून आपलं नाव शोधत होता, आणि या वेळी जो तो शेवटपर्यंत वाचत होता.  बाक भरले, काही माणसं भिंतीला टेकून उभी राहिली. पहिल्या बाकावर, मधल्या वाटेच्या कडेला, एका माणसापुरती जागा मोकळीच राहिली.

वेळ झाली. मी दोर ओढायला लागलो. दहा झाले, पंधरा झाले, वीस झाले. खांद्यावर हात येईना. पाळकसाहेब पुस्तक उघडून माझ्याकडं बघत होते, पण थांब म्हणायचं त्यांनाही सुचत नव्हतं. मी ओढतच राहिलो आणि समोर बघत राहिलो. मावशी पहिल्या बाकावर बसल्या होत्या. त्यांना उठून मागं येता येत नव्हतं. मीच तसं लिहिलं होतं.