दौंडचे दर आणि शिरूरचे दाजी

शिरूरपेक्षा दौंड स्वस्त आहे, हे मी स्वतः जाऊन तपासलेलं आहे. त्यामुळे पुढं जे झालं त्याला दुसरं कुणीही जबाबदार नाही. (बराच शोध घेतला. कुणी सापडलं नाही.)

कंपनीनं विचारलं होतं, दौंडच्या प्लांटला जाता का? पगार तोच, उत्तर सोमवारी, आणि एकदा हो म्हटलं की परत फिरणं नाही. बायकोचं, म्हणजे सुनंदाचं, माहेर दौंडजवळ केडगावला. मला वाटलं, ऐकून नाचेल! ती हातातला ब्लाउज खाली न ठेवता म्हणाली, "माझी सगळी शिवणाची गिऱ्हाइकं शिरूरला हायेत. मान मोडून जमवलीत. तिथं खरंच स्वस्त पडत आसंल तरच जाऊ. आन् भाव एकट्यानं जाऊन विचारा."

"एकट्यानं का?"

"सांगितलंय तेवढं करा."

रविवारी एसटीनं दौंड गाठलं. गेलो एकटाच, पण स्टँडपासून बाजारापर्यंत उन्हातच पाय बोलायला लागले आणि मी मेहुण्याला, बंडूला, फोन केला. त्याच्याकडं मोटरसायकल होती, एवढाच माझा गुन्हा!

भाजीवालीसमोर गाडी थांबवून बंडू ओरडला, "मावशी, हे आमचं दाजी! शिरूरहून आल्यात."

"केडगावचं जावई व्हय? मंग जुडीचं काय पैसं घ्यायचं! न्या तशीच."

मी मनात टिपलं : मेथी, जवळजवळ फुकट.

न्हाव्यानं दाढीचे पैसे घेतले नाहीत, वर मानेला मालिश करून दिलं. चहावाला पाकीट बघूनच रागावला. खोलीवाल्या आप्पांनी तर डिपॉझिटचं नाव काढताच कानाला हात लावले. "जावयाकडनं डिपॉझिट? तुमच्या सासऱ्याला तोंड कसं दावू?" संध्याकाळपर्यंत माझ्या हिशेबानं दौंडमध्ये पगाराची गरजच उरली नव्हती!

"एकटंच गेला व्हता ना?" सुनंदानं विचारलं.

"जवळजवळ."

सोमवारी मी होकार देऊन टाकला.

टेम्पोतनं कपाट उतरतंय न उतरतंय तोच आप्पा हसत दारात आले. डिपॉझिटला!

"आप्पा, जावयाकडनं...?"

"जावई पाहुणा म्हणून आला तवा जावई. आता तुम्ही भाडेकरू की!"

भाजीवालीनं पूर्ण भाव लावला. "रोज रोज कसं पुरवायचं ओ दाजी?" न्हाव्यानं मला रांगेत बसवलं. मालिशचा विषय निघाला नाही. मी काढला, तर त्यानं दर सांगितला.

खरी गंमत घरात होती. सुनंदानं मशीन मांडायचा अवकाश, केडगावच्या मावश्या, चुलत्या, मामेबहिणी कापडं घेऊन दाखल! ढीग खिडकीपर्यंत गेला. जाताना प्रत्येकजण तेच म्हणे, "घरचीच लेक हाय, तिला काय पैसं द्यायचं!"

सुनंदा मशीनवरनं मान वर न करता म्हणाली, "जावयाचा भाव इचारून आलात. लेकीचा भाव कुणी इचारायचा?"

मी थकून शिरूरला गेलो, बदली रद्द होते का बघायला. साहेबांनी चहासुद्धा विचारला नाही. परतताना शिरूरच्या बाजारात आमचे जुने भाजीवाले भेटले. इतक्या वर्षांत एक रुपया न सोडलेला माणूस हाक मारतो, "ओ दौंडचं पाहुणं! बसा की!" चहा पाजला आणि दोन जुड्या पिशवीत कोंबल्या. "पाहुण्याकडनं पैसं घेत्यात व्हय?"

तेव्हापासून दर रविवारी मी सुनंदाच्या जुन्या गिऱ्हाइकांचे शिवलेले ब्लाउज घेऊन शिरूरला जातो आणि मजुरी व मेथी घेऊन परत येतो. तिचा धंदा सावरला. तिकिटाच्या पैशात मेथीचं पोतं आलं असतं, हे मलाही कळतं. कंडक्टरला मी कुणाचा जावई आहे ते सांगूनही पाहिलं.

तो म्हणाला, "सुट्टे द्या."