तीस टक्के पाऊस

नंदुरबारला माझ्या दुकानासमोरच्या मैदानात हिवाळाभर लाल मिरची वाळत पडलेली असते. ती एका व्यापारी घरातल्या बाईंची. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. पदर डोक्याला घट्ट गुंडाळून त्या मिरचीच्या कडेकडेने फिरायच्या, मूठभर उचलून कानाशी खुळखुळवायच्या आणि आवाज मनासारखा आला की खुशीत मान डोलवायच्या.

एका दुपारी ढग आले. मोबाइलवर पावसाची शक्यता तीस टक्के दिसत होती. मी म्हणालो, “भाभी, तीस टक्के म्हणजे काही येत नाही.”

“भाऊ, असा अंदाज दहा येळा उना त तीन येळा पानी पडस,” त्या हसून म्हणाल्या. “आज त्या तीनमातला दिन नही, हाई कोनी सांगं?”

भिजलेली मिरची काळी पडते आणि हंगाम हातचा जातो. त्यांनी कामावरच्या बायकांना हाका मारल्या. मिरचीचे ढीग झाले, ताडपत्र्या आल्या, एकीचं टोक मीही धरलं. संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे हात झोंबत होते आणि पावसाचा थेंबही पडला नव्हता.

सकाळी लख्ख ऊन होतं. मी चिडवलं, “अंदाज चुकला की!”

“चुकना कोठे? काल बाकीना सातमातला दिन निंघना!”

त्या ढीग पुन्हा पसरायला लागल्या. उगाच झाकली, असा पस्तावा चेहऱ्यावर कुठेच नव्हता. मिरची कोरडी राहिली याचाच आनंद होता. तेवढ्यात तिखट धूळ उडाली आणि आम्ही दोघंही शिंकत शिंकत हसत सुटलो.