बोअरवाला कुणाच्या बाजूचा

मी बारावीला होते तेव्हा लातुरात रविवारची टेस्ट बुडवायची हिंमत कुणी करत नसे. लग्न असलं तरी पोरं अक्षता टाकून हॉलमधून थेट क्लासला येत. मी ती टेस्ट बुडवली, आणि तीही कार्टूनसाठी. आईला सांगितलं, मावशीकडे जाऊन येते. खोटं नव्हतं. मावशी नांदेडातच राहायची आणि कार्टूनवाल्यांचा मेळावाही नांदेडातच होता.

शहरातली मोकळी भिंत म्हणजे टॉपरांच्या फोटोंची जागा, असं तेव्हा होतं. तसल्याच एका भिंतीवर, चष्मेवाल्या टॉपरच्या हनुवटीखाली, मला ते पोस्टर दिसलं. ‘फौलादी पलटण’च्या चाहत्यांचा मेळावा, शनिवार-रविवार, नांदेड, मंगल कार्यालय. जुने भाग मोठ्या पडद्यावर, खेळण्यांची अदलाबदल, वेशभूषेची मिरवणूक. मी रस्त्यातच उभी राहून ते परत परत वाचलं. मागून रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, त्याला म्हटलं, थांब ना बाबा, वाचू दे की जरा. मग एसटीडी बूथ गाठून गावाकडच्या दुकानात फोन लावला आणि धाकटीला बोलवायला सांगितलं.

धाकटी म्हणजे माझी बहीण, तेव्हा नववीत. फौलादी पलटणीतल्या यंत्रमानवांपैकी एक, खेळण्यातला, आमच्या घरी होता. त्याचं मूळ नाव आम्हाला माहीत नव्हतं. आम्ही त्याला बोअरवाला म्हणायचो.

भूकंप झाला तेव्हा मी सात वर्षांची होते आणि ती तीन. पहाटे घर पडलं. आम्ही बाकीचे बाहेर निघालो, ती मातीखाली राहिली. बाबा आणि शेजाऱ्यांनी हातांनी, टिकावानं, मिळेल त्यानं खांदून दुपारी तिला वर काढली. तिला त्यातलं काही आठवत नाही, पण नंतर ती पत्र्याच्या शेडातसुद्धा झोपायला तयार होईना. छपराखाली नेली की किंचाळायची. तेवढ्यात मदतीच्या ट्रकमधून कपड्यांची गाठोडी आली आणि एका स्वेटरच्या बाहीतून हा निघाला. राखाडी रंगाचा, वीतभर उंच, एका हाताच्या जागी बोअर मारायच्या मशीनसारखं टोकदार पातं, दुसरा हात गायब. खोका नाही, कागद नाही, त्याचं कूळ सांगणारं काहीच नाही.

शेडातल्या आम्हा पोरांची बैठक बसली. हा कोण असेल? पातं आहे म्हणजे खांदतो. खांदतो म्हणजे माणसं काढतो. विषय संपला. धाकटीला सांगितलं, आता घर पडलं तरी हा खालून येईल आणि तुला काढील. त्या रात्री ती त्याला उशाशी घेऊन आत झोपली आणि आईनं बाहेर जाऊन पदर तोंडाला लावला.

दोनेक वर्षांनी नव्या गावठाणात घरं मिळाली. सरपंचाच्या घरी टीव्ही आला आणि एका रविवारी सकाळी पडद्यावर बोअरवाला दिसला. आमचाच! सुरुवातीच्या गाण्यात सगळे यंत्रमानव एकेक करून पुढे यायचे आणि हा पातं गरगर फिरवत जमिनीत घुसायचा. आम्ही उड्या मारल्या. गाणं संपलं आणि लाइट गेली. पुढच्या रविवारीही तेच. आमच्या भागातलं भारनियमन त्या मालिकेच्या गाण्याला ठेका धरूनच यायचं. वर्षभरात आम्ही ते गाणं तोंडपाठ केलं, गोष्ट मात्र एकही पाहिली नाही. लाइट नीट यायला लागली तेव्हा मालिका बंद झालेली होती.

म्हणून त्या पोस्टरनं माझं डोकं फिरलं. मोठ्या पडद्यावर, अख्खी गोष्ट, बोअरवाल्यासकट!

शिवाय दहावीनंतर धाकटीला लातूरला माझ्यासारखं क्लासला ठेवायचं घरात घाटत होतं. माझी खोली तिसऱ्या मजल्यावर होती, सिमेंटच्या स्लॅबखाली. धाकटी तिथं झोपेल का, हाच सगळ्यांचा प्रश्न होता. आई म्हणायची, बोअरवाला बरोबर दिला की झोपेल. आमच्या गावची माणसं अजूनही झोपताना तांब्यावर फुलपात्र पालथं घालून ठेवतात, जमीन हलली की ते खाली पडून खणखणतं. मीही खोलीवर तसं ठेवायचे आणि कॉटही दाराला लागूनच टाकायचे. मैत्रिणी हसायच्या, मी त्यांना फटकारायचे.

शनिवारी सकाळी धाकटी लातूरच्या स्टँडवर उतरली ती बोअरवाला आणि भलंमोठं गाठोडं घेऊन. मिरवणुकीसाठी तिनं बोअरवाल्याचा वेश शिवला होता, खरं तर चिकटवला होता. पाण्याच्या मोटारीचे खोके, त्यांना चंदेरी रंग, आणि उजव्या हाताला रॉकेलचं नरसाळं. गाडीत कंडक्टरनं विचारलं, हे काय? ती म्हणाली, मी आहे. नांदेड येईपर्यंत आम्ही दोघींनी ते गाणं इतक्या वेळा म्हटलं की पुढच्या सीटवरच्या आजोबांनी कानाला उपरणं गुंडाळलं.

कार्यालयात पाऊल टाकलं आणि मला वाटलं, इतके दिवस होता कुठं तुम्ही सगळे? जिथं लग्नाच्या पंगती बसतात तिथं टेबलं मांडली होती आणि त्यांच्यावर नुसते यंत्रमानव. लाल, निळे, पिवळे. इंजिनिअरिंगची पोरं, बँकेतले साहेब, नवरा-बायको, देगलूरहून आलेला एक शिंपी ज्यानं पलटणीच्या झेंड्याचे शर्ट शिवून आणले होते. कुणी मराठीत, कुणी दखनीत, कुणी मध्येच तेलुगूत भांडत होतं आणि भांडण एकच, कोण कुणाला हरवेल. एका कोपऱ्यात मेळावा भरवणारे दुकानदार चाचा मोडक्या खेळण्यांचे हातपाय बसवून देत होते. त्यांचं खेळण्यांचं दुकान चौकात होतं आणि ही मालिका त्यांनी म्हणे गिऱ्हाइकं सोडून पाहिली होती. धाकटी टेबलांमधून अशी फिरत होती की मला तिच्या मागे धावावं लागत होतं. मी इतकी खूश फार दिवसांत झाले नव्हते.

मग एका इंजिनिअरिंगवाल्यानं माझ्या हातातला बोअरवाला पाहिला. त्याचे डोळेच मोठे झाले. हा इकडं कधी विकायलाच आला नव्हता, तुला कुठं मिळाला, म्हणाला. मी ताठ झाले. पुढे तो म्हणाला, टोळीतला सगळ्यात खतरनाक हाच आहे.

मी विचारलं, कुठली टोळी? त्यानं सांगितलं ते असं. पलटण म्हणजे चांगले आणि काजळी टोळी म्हणजे वाईट. हा टोळीतला. हा जमिनीत शिरतो, पातं फिरवतो आणि वरची शहरं पाडतो. भूकंप करणं हेच त्याचं काम.

मी त्याला म्हटलं, तुझं काहीतरी चुकतंय. आवाज चढवूनच म्हटलं. तो बिचारा म्हणाला, दुपारी दाखवणारच आहेत, बघून घे.

धाकटी पलीकडे शर्ट बघत होती, तिनं ऐकलं नव्हतं. दहा वर्षं ती ज्याला उशाशी घेऊन झोपली, तो घरं पाडणारा निघाला, हे तिला पडद्यावर दिसलं तर? लातूर राहिलं बाजूला, ती गावाकडच्या घरात तरी झोपेल का? मी तिला म्हटलं, चल, उसाचा रस पिऊ. नको म्हणाली. चल, मावशी वाट बघत असेल. ती म्हणाली, मावशी रोजच असते. मी दटावलं, हात ओढला. ती पहिल्या रांगेत जाऊन बसली.

दिवे मालवले. आयुष्यात पहिल्यांदाच मी लाइट जावी म्हणून देवाचा धावा केला. आणि गाणं संपता संपता लाइट खरंच गेली! मी सुटकेचा श्वास सोडते न सोडते तोच मागे जनरेटर धडधडला आणि हॉलभर टाळ्या पडल्या.

बोअरवाला जमिनीत गेला. वर शहर थरथरलं. भिंतींना भेगा पडल्या, इमारती एकामागून एक खाली बसल्या, धूळ उठली. कार्टूनच होतं, रंगसुद्धा भडक. पण मी उठून दारापाशी गेलेली होते, हे मला दाराची कडी हाताला लागली तेव्हा कळलं. तिथून मी धाकटीकडे पाहिलं. ती चिवडा खात बघत होती.

दिवे लागल्यावर मी तिच्याशेजारी जाऊन बसले. तीच म्हणाली, “अक्का, खांदतो मात्र झकास.”

मावशीचं घरही वरच्याच मजल्यावर होतं. जेवताना मावशीनं विचारलं, “काय गं, परीक्षा सोडून हे काय करायलात तुम्ही पोरी?” धाकटीनं तिला सगळी गोष्ट रंगवून सांगितली, इमारती पडताना आवाजही काढून दाखवला. नंतर ती झोपली, नेहमीसारखी, बोअरवाला उशाशी. तिचं काय होईल या काळजीनं मी जागी राहिले, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

रविवारी मिरवणूक. तिथला रिवाज असा की पलटणवाले उजव्या दारानं स्टेजवर येणार, त्यांना टाळ्या. टोळीवाले डाव्या दारानं, त्यांची हुर्यो. हुर्यो जितकी मोठी तितका टोळीवाला खूश, सगळी गंमतच. धाकटी खोके चढवून, नरसाळं लावून, उजव्या दाराच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

कालचाच इंजिनिअरिंगवाला रांगा लावत होता. त्यानं तिला डावीकडे जायला सांगितलं. ती हलली नाही. त्यानं समजावलं, नियम सांगितला. मागचे कुरकुरायला लागले. मी तिच्या कानात म्हटलं, जा ना गं, गंमत तर आहे. तिनं खोक्यातून माझ्याकडे असं पाहिलं की मी बाजूला झाले. शेवटी दुकानदार चाचांना बोलावलं. त्यांनी तिला विचारलं, बेटा, तुला ठाऊक आहे ना हा कोण आहे? ती म्हणाली, काल पाहिलं. मग चाचांनी माइकच तिच्या हातात दिला आणि म्हणाले, “जा मग. पब्लिकलाच सांग.”

ती उजव्या दारानं स्टेजवर गेली. बोअरवाला ओळखला जाताच हॉलमधून हुर्यो उठली, अशी दणकट हुर्यो त्या दोन दिवसांत कुणाला मिळाली नव्हती. ती नरसाळं खाली करून उभी राहिली. आवाज ओसरल्यावर तिनं माइक तोंडाशी नेला.

“आमचं गाव भूकंपात पडलं. मी मातीखाली होते. त्याच्यानंतर ह्यो आमच्या शेडात आला. ह्यो वाईट हाय, हे तितं कुणालाच म्हाईत न्हवतं. त्यालाबी कुणी सांगितलं न्हाई. आमी त्याला माणसं काढायचं काम दिलं. दहा वर्षं झाली, त्यानं अजून एक घर पाडलं न्हाई.”

एवढं बोलून तिनं माइक खाली ठेवला. मग पहिली टाळी चाचांनी वाजवली आणि पुढे काय झालं ते मला नीट दिसलं नाही, कारण मी रडत होते आणि जोरजोरात शिट्ट्याही मारत होते. बक्षीस तिला मिळालं नाही, ते पंख उघडझाप होणाऱ्या एका पलटणवाल्याला मिळालं. मी परीक्षकांशी भांडायला निघाले होते, तिनंच ओढून आणलं. निघताना चाचांनी मोडक्या खेळण्यांच्या डब्यात हात घालून एक हात शोधला आणि बोअरवाल्याच्या रिकाम्या खांद्यात बसवला. तो पलटणीतल्या कुणाचातरी होता, लालभडक. शोभत नव्हता, पण घट्ट बसला.

परतीच्या गाडीत खोके टपावर टाकले. अहमदपूर येईपर्यंत आमचं परत गाणं, परत हुर्यो, परत हसणं. मग तिनं बोअरवाला माझ्या मांडीवर ठेवला.

“अक्का, ह्यो तुझ्याकडं ऱ्हाऊ दे.”

मी म्हटलं, वेडी का, तुला झोप कशी लागेल? पुढं लातूरला यायचंय तुला.

“मला लागती की. काल बी लागली. तूच दाराकडं बघत बसलीस.” ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. “मी येईन तवा देशील परत. तवर तुला लागतो.”

मी बोअरवाला उचलून माझ्या पिशवीत ठेवला. लातूरच्या स्टँडवर ती गावच्या गाडीत बसली, खिडकीतून नरसाळं हलवलं, आणि मी रिक्षा न करता खोलीपर्यंत चालत आले.

खोलीत मी कॉट दारापासून ओढून भिंतीशी लावली. बोअरवाला उशाशी ठेवला. मग सवयीनं तांब्या भरला, त्याच्यावर पालथं घालायला फुलपात्र उचललं, आणि त्यातून पाणी प्यायले.