तुंगाबाईंची सर्दी

माझ्या सासूबाईंना, तुंगाबाईंना, रडता येत नसे. हे दूषण म्हणून सांगत नाही. काहींना पोहता येत नाही, तसं. त्यांचा थोरला मुलगा ऐन विशीत गेला, तेव्हाही त्या कोरड्या डोळ्यांनी सगळ्यांना कॉफी देत होत्या, हे आमच्या सरस्वतीपुरम वस्तीतल्या बायका दहा वर्षांनीसुद्धा एकमेकींना सांगत. दगडाची बाई, म्हणत. ते त्यांच्या कानावर जायचंच आणि लागायचंही. त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडायचं, त्यावरून मला कळायचं.

आमचं घराणं म्हैसूरला पाच पिढ्यांचं. घरात मराठी, तिच्यात निम्मी कन्नड. सासूला आत्या म्हणायचं, सर्दीला शीत. आत्या जवळच्याच एच. डी. कोटे गावच्या. बोलायला फटकळ, पण गळा असा गोड की गुरुवारी दुपारी पाच-पंचवीस बायका त्यांच्याकडे देवाची पदं शिकायला यायच्या. आजारपण त्यांना मान्यच नव्हतं. ताप आला म्हणून मी आडवी झाले, तर दारात उभ्या राहून म्हणायच्या, "वेदवती, सुम्ने लोळू नकोस." उगीच लोळू नकोस, म्हणजे. तेरा वर्षं मी त्यांना भिऊन राहिले.

चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत त्यांना शीत झालं. नाक वाहत होतं, घसा खवखवत होता. मीच मिरी आणि सुंठ घालून कषाय करून दिला. तिसऱ्या दिवशी सकाळी माझे सासरे तिरुमलराव पूजेवरून उठताना कोसळले आणि डॉक्टर यायच्या आत गेले.

मग माणसांची रीघ लागली. आत्या भिंतीशी चटईवर बसलेल्या. डोळे लाल, नाक सोलवटलेलं, पदर ओला आणि आवाज पार बसलेला. शेजारच्या वनजाबाई आल्या. दगडाची बाई हे नाव त्यांनीच पाडलेलं. त्या आत्यांकडे बघत राहिल्या आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, "अय्यो, किती रडल्यात गं! आवाजसुद्धा गेला बघ."

मी शीत म्हणणार होते. आत्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी गप्प बसले.

संध्याकाळी न्हाणीघरात मी त्यांना गरम पाणी काढून देत होते. त्या हळूच म्हणाल्या, "मला रडूच येईना बघ, वेदवती. सत्तेचाळीस वर्षं राहिले त्यांच्याबरोबर. आत सगळं जळतंय, आणि डोळ्याला पाणी नाही. काय करू सांग." मग नाक शिंकरून म्हणाल्या, "शीत आहे ते बरंच झालं. वाटू दे लोकांना. तू सांगू नकोस कुणाला."

तेरा वर्षांत त्यांनी मला विश्वासानं सांगितलेली ही पहिली गोष्ट. खरं सांगते, मी हुरळून गेले. दारात कुणी आलं की मीच आधी म्हणायची, सारख्या रडतात हो, जेवतसुद्धा नाहीत. त्या जेवत नव्हत्या हे खरंच होतं. त्यांना चवच कळत नव्हती.

दहाव्याच्या सुमाराला शीत उतरलं. दोन दिवस बरे गेले. तेरावं झालं त्या संध्याकाळी अंगात ताप भरला, पिवळा कफ पडायला लागला. खोकताना त्या उजव्या बरगडीवर हात दाबून धरायच्या. आडवं झालं की खोकला वाढायचा, म्हणून भिंतीला टेकून बसून झोपायच्या. "थंड पाण्यानं पुन्हा नवं शीत लागलं," एवढंच म्हणाल्या.

"आत्या, डॉक्टरकडे जाऊ या."

"कुठं? कृष्णमूर्तींकडे? तिथं बाकावर अर्धं सरस्वतीपुरम बसलेलं असतं. तिथं बसून खोकू? उद्या म्हणतील, नवऱ्यासाठी नव्हतंच ते, शीत होतं म्हणून नाक पुसत होती."

"मग त्यांना घरी बोलावते."

"वनजाच्या दारावरूनच येतील की. मासिक श्राद्ध होऊ दे, मग बघू."

माझे यजमान हयग्रीव कॉलेजात शिकवायचे. त्यांनी दोनदा विचारलं, आई अशी का दिसते? मी म्हटलं, दुःख आहे, वेळ लागेल. इतक्या सहज म्हटलं की आज आठवलं तरी माझी मलाच किळस येते. त्यांनी डोळे पुसले आणि ते कॉलेजात गेले.

महिन्याचं श्राद्ध झालं. पानं उचलायला उठलेल्या आत्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पोचल्या नाहीत. मधेच खाली बसल्या. चार पावलं चालून भात्यासारखी छाती हलत होती, ओठ काळेनिळे झाले होते. यजमानांनी शेजाऱ्यांची मोटार मागून आणली.

कृष्णमूर्ती डॉक्टरांनी नळी छातीला लावली आणि विचारलं, "हे कधीपासून?"

"अप्पा गेले तेव्हापासून, डॉक्टर," यजमान म्हणाले. "रडून रडून अशी झालीय."

"रडण्याचं विचारत नाही. खोकला कधीपासून?"

"आज तेहतिसावा दिवस," मी म्हटलं. "अप्पा जायच्या आधीच शीत झालं होतं. मधे दोन दिवस उतरलं. मग ताप आला, तेव्हापासून श्वास घेताना बरगडीत दुखतंय."

डॉक्टर माझ्यावर ओरडले नाहीत. ओरडायला हवं होतं. "साधी सर्दी आठ-दहा दिवसांत उतरणीला लागते," ते म्हणाले. "नुसता खोकला थोडा रेंगाळतो, त्याचं एवढं नाही. पण उतरलेली सर्दी ताप घेऊन परत आली, श्वासाला दुखायला लागलं, तर त्याच दिवशी आणायचं. या वयात तर एक दिवस थांबायचं नाही. वीस दिवस होत आले की हो."

यजमानांनी माझ्याकडे पाहिलं.

इस्पितळात आत्यांच्या पाठीतून सुईनं पू काढला. इंजेक्शनं सुरू झाली. आठव्या दिवशी त्या मला जवळ बोलावून म्हणाल्या, "सांग आता सगळ्यांना. मला शीत झालंय म्हणून सांग." बोलायला त्यांना फार कष्ट पडत होते. मी हो म्हटलं. नवव्या दिवशी त्या गेल्या.

पुन्हा तीच चटई, तीच माणसं. वनजाबाई सगळ्यांना सांगत होत्या, "चाळीस दिवससुद्धा राहिल्या नाहीत नवऱ्याशिवाय. एवढा जीव. आपण काय काय बोललो त्यांना." गुरुवारच्या बायका पदर तोंडाला लावून रडत होत्या. यजमानही म्हणाले, "अप्पांच्या मागोमाग गेली. दुःख सोसलं नाही तिला."

"शीत होतं त्यांना," मी मोठ्यानं म्हटलं. "दुःखानं नाही गेल्या. शीत झालं होतं, ते छातीत उतरलं. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी लपवलं. मी सांगितलं असतं तर त्या आज असत्या."

वनजाबाई उठल्या आणि त्यांनी मला पोटाशी धरलं. "रड गं, रड," त्या म्हणाल्या. "दुःखात माणसाला असंच वाटतं. आपलंच चुकलं असं वाटतं."

मी यजमानांकडे पाहिलं. डॉक्टरांसमोर ते माझ्या शेजारीच बसले होते, शब्द न शब्द त्यांनी ऐकला होता. त्यांनी मान खाली घातली.

"हिला फार लागलंय," ते म्हणाले. "आत नेऊन निजवा तिला."

दोघींनी मला दंडाला धरून आत नेलं.