भिंतीतली फुरशी

रविवारी दुपारी आमटीभात अंगावर आला की आडवं व्हायचं, हा मालविका धोंडचा नेम. आज घाटरस्त्यावरच्या फुगलेल्या भिंतीच्या चौकशीचा अहवाल तिच्या छातीवर आहे. शेवटची ओळ तिने अगदी चवीनं लिहिली आहे: "भिंतीचा आराखडा चुकीचा. जबाबदार : कै. केळुसकर." ओळ धादांत खोटी आहे, हे तिला ठाऊक आहे. डोळे मिटतात.

खात्यातले तिचे जुने साहेब, केळुसकर सर, पलंगाच्या कडेला बसले आहेत. जाऊन दोन वर्षं झाली, तरी शर्टाची इस्त्री मोडलेली नाही.

"आराखडा बरोबर होता," ते म्हणतात. "ओळ खोड."

"माझा अर्ज खोडलात तेव्हा?"

स्थापत्यानंतर तिनं एम.टेक.ला भूशास्त्र आणि समाजशास्त्र जोडून घेतलं, तर या गृहस्थांनी तिच्या अर्जावर शेरा मारला होता, 'एक ना धड, भाराभर चिंध्या.' आराखडे करणाऱ्या विभागाचं दार बंद झालं आणि अकरा वर्षं ती गावोगाव शौचालयं मोजत फिरली. हे ती विसरलेली नाही, विसरणारही नाही.

पलंग आता घाटरस्त्यावर आहे. समोर सरांची भिंत, पोट सुटलेली.

"पाणी निचरायला भोकं ठेवली होती मी. लोकांनी शेणमातीनं बुजवली. तीनदा मोकळी करून घेतली, पुन्हा बुजवली. माझा काय दोष?"

"का बुजवली?"

"ते विचारणं इंजिनिअरचं काम नव्हे."

"मी विचारलं, सर. वाडीत ओट्यावर बसून. चिंध्या गोळा करताना तेवढं शिकले."

भिंतीआडून वाडीतल्या सुलभाकाकी बोलतात, गेल्या गुरुवारी बोलल्या तशाच: "त्या भोकांनी फुरशी ऱ्हवतत, बाय. पोरां खेळतत थंय. बुजवूक नको?"

"साधी जाळी बसवली असती, तर सापही नाहीत आणि शेणमातीही नाही," मालविका म्हणते. "घाला हात. करा मोकळं."

सर हात मागे घेतात. मेलेल्या माणसालाही सापाची भीती वाटते, हे पाहून तिला फार बरं वाटतं. ती स्वतःच नखांनी भोक उकरते. गढूळ पाण्याची चिळकांडी सरांच्या शर्टावर उडते.

"निदान नाव तरी काढ," ते पुटपुटतात. "माझी मुलगी याच खात्यात आहे. वाचेल ती."

"वाचू दे की."

चार वाजता ती जागी होते आणि खोटी ओळ खोडते. कुणी आराखडा तपासला की खोट्यातून केळुसकर पुराव्यानिशी सुटले असते. खाली ती खरं लिहिते: "आराखडा बरोबर. भोकं तीनदा मोकळी केली, का बुजतात हे एकदाही विचारलं नाही. जबाबदार : कै. केळुसकर." नाव ती दोनदा गिरवते.

कागदावर तपकिरी बोट उमटतं. तिच्या नखांत ओली शेणमाती आहे. हात न धुताच ती सही करते.