रवलेल्या फायलींची काकू

फाईल माउसने ओढून दुसऱ्या फोल्डरात टाकलेली काकूला खपत नसे. पवईच्या आमच्या ऑफिसात आम्ही सगळे तेच करायचो आणि ती मागून जाताना म्हणायची, "ओढाओढ कसली गो? लिही." म्हणजे डेटा तपासायच्या प्रोग्राममध्येच दोन ओळी लिहायच्या; वाचून झालेली फाईल तो स्वतःच हलवणार. "हातान हलवलेला हाताक आठवत नाय. लिवलेला रवता." हे तिचं ब्रह्मवाक्य.

कुडाळकडची, मुलुंडला राहणारी काकू कंत्राटावर होती. वयाने फार मोठी नव्हती. डबा सगळ्यांना वाढून मग उरलेला स्वतः खायची, म्हणून काकू. तिच्या फोल्डरांची नावं मालवणी. आलेल्या फायली 'इलेले', वाचून झाल्या की 'गेलेले', अडल्या तर 'रवलेले'. आम्ही हसायचो. पण 'रवलेले' रिकामं झाल्याशिवाय ती चहालासुद्धा उठत नसे.

आमचं काम नेत्रतपासणी शिबिरांचं. केंद्रांवरून फायली यायच्या आणि ज्यांना तातडीने उपचार हवेत त्यांची यादी आम्ही हॉस्पिटलला पाठवायचो. एकदा मुलुंडची फाईल 'गेलेले'मध्ये पोचली आणि त्याच नावाची दुसरी 'रवलेले'त अडकली. 'गेलेले'त त्या नावाची फाईल आधीच असेल तर नवीन हलवायची नाही, असं काकूने प्रोग्रामला बजावलेलंच होतं. यादी संध्याकाळी जायची होती. त्याच आठवड्यात काकूला कायम करायचं की नाही हे ठरणार होतं, आणि ठरवणारे सर तिच्या खुर्चीमागे उभे होते.

"मॅडम, तीच फाईल परत आलीय. ओढा, रिप्लेस करा, संपवा."

"नाव एकच आहे, सर. माणसं एकच आहेत का, ते बघते."

उघडली तर आत नाहूरची माणसं; रिप्लेस केली असती तर ती यादीत आलीच नसती. केंद्रावर कुणीतरी जुनंच नाव ठेवून फाईल पाठवली होती. काकूने यादी थांबवली, केंद्राला फोन लावला, एकेक नोंद जुळवत बसली. सर दोनदा येऊन घड्याळ दाखवून गेले. यादी दुसऱ्या दिवशी सकाळी गेली, नाहूरच्या माणसांसकट, आणि त्यांनाही उपचारांची बोलावणी गेली.

सरांनी मात्र तिच्या नावापुढे उशीर तेवढा लिहिला. कंत्राट वाढलं नाही. ती भांडली नाही याचा मला अजून राग येतो. खण रिकामा करत होती तेव्हा मी म्हणाले, "काकू, दाबलं असतंस बटण तर कायम झाली असतीस ना गं."

तिने डबा पिशवीत ठेवला.

"माका दुसरी नोकरी मिळतली गो. तेंका दुसरे डोळे खंयसून मिळतले?"